सिनेमातला जिना आणि कवळीताई

कवळीताईंना खऱ्या नावानं हाक मारणारी आता एक धाकटी बहीणच उरली आहे. बाकी सगळ्यांसाठी त्या कवळीताई. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देणाऱ्या एका छोट्या लॅबमध्ये त्यांची उभी हयात गेली. मागच्या गल्लीकडे उघडणारी खिडकी, खिडकीखाली लांबट टेबल, टेबलावर मेण तापवायचा दिवा आणि भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, रांगेनं आ वासून बसलेले. रस्त्यात एखादे आजोबा मनमोकळे हसले की कवळीताईंना आपलं काम लगेच ओळखू यायचं, आणि त्या घाईनं दुसरीकडे बघायच्या. माणसाचं गुपित आपल्याला ठाऊक आहे हे त्याच्या तोंडावर कशाला दाखवा?

हात असे स्थिर, पण काळीज चिमणीएवढं. घरातून निघताना गॅस बघायचा, मग कुलूप लावायचं, मग कुलपाला जवळजवळ लोंबकळून बघायचं आणि तरी कोपऱ्यावरून परत यायचं. फोन वाजला की तो उचलायच्या आत मनात वाईट बातमी तयार. एकदा लग्न ठरत आलं होतं, तेव्हा 'होईल ना हो सगळं नीट?' हे त्यांनी इतक्या वेळा विचारलं की शेवटी समोरच्यालाच धास्ती बसली, असं धाकटी सांगते आणि हसते. कवळीताई हसत नाहीत.

अशा बाईला एक जुना, काळापांढरा सिनेमा जिवापाड आवडायचा. लहानपणी आईबरोबर थिएटरात बघितलेला, पुढे टीव्हीवर, आणि मग डिस्क मिळाली तेव्हापासून तर मनात येईल तेव्हा. त्यात फारसं काही घडत नाही. एक टायपिस्ट बाई रोज संध्याकाळी एका इमारतीचा जिना चढते. वरच्या मजल्यावर एक माणूस राहतो, त्याला तिला काहीतरी सांगायचंय. जिन्याच्या वळणावर मोठी खिडकी आहे, तिथं ती थांबते, दारापर्यंत जाते, टकटक करायला हात उचलते, आणि उतरून जाते. गाणी नाहीत, मारामारी नाही. धाकटीला तो सिनेमा म्हणजे शिक्षा वाटायची. "अगं वाजव की दार एकदाचं!" असं ती पडद्याला म्हणायची. पण कवळीताईंना त्या बाईचा हात उचलला की आपल्याच छातीत धडधडायचं. भित्र्या बाईवर कुणी अख्खा सिनेमा काढेल, आणि तिची टिंगल न करता काढेल, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

तो जिना कुठला, हे मात्र कुठंच लिहिलेलं नव्हतं. एके दिवशी लॅबमध्ये प्लास्टरचं खोकं आलं. आतले डबे दुसऱ्या कुठल्याशा शहराच्या वर्तमानपत्रात गुंडाळले होते. एका पानावर पुलाच्या दुरुस्तीचा फोटो होता. पुलाच्या कठड्यावर दगडी मासे. कवळीताईंनी पान टेबलावर सपाट केलं आणि खाली वाकून पुन्हा बघितलं. सिनेमाच्या सुरुवातीला ती टायपिस्ट ज्या पुलावरून येते, त्याच्यावर हेच मासे होते.

मग धाकटीच्या घरी तिच्या लॅपटॉपवर शोध सुरू झाला. नकाशात रस्त्यांचे फोटो दिसतात. कवळीताई दर सुट्टीला त्या अनोळखी शहरातल्या गल्ल्यांतून एका बोटानं चालत जायच्या. पुलापासून चौक, चौकातून डावीकडे. कधी मध्येच एखादी मोठी गाडी फोटोत आडवी यायची आणि त्या "अहो, सरका की" म्हणायच्या. बऱ्याच महिन्यांनी एका उतारावरच्या रस्त्यात ती इमारत सापडली. कमानीचं दार आणि दारावर दोन गोल खिडक्या, जणू चष्मा लावलेला चेहरा.

"झालं ना समाधान?" धाकटी म्हणाली.

"जाऊन बघू या?"

धाकटी बघतच राहिली. शेजारच्या गावी जायचं तर दोनदा तिकीट तपासणारी तिची बहीण आपणहून प्रवासाचं नाव काढत होती. तिनं लगेच दोघींची तिकिटं काढली, मन बदलायच्या आत. सकाळी जायचं, संध्याकाळच्या आत परतीची गाडी.

निघायच्या दिवशी पहाटे धाकटीचा फोन आला. तिची कंबर धरली होती, पलंगावरून उठता येत नव्हतं. "तू जा," ती म्हणाली. "नाही गेलीस तर मी जन्मभर बोलेन."

गाडीत कवळीताईंनी पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवली. आपण योग्य गाडीत बसलो ना, हे आधी समोरच्या बाईला विचारलं, मग तिकीट तपासनिसाला, आणि तो पुढे गेल्यावर पुन्हा त्याच बाईला. शहर आलं तेव्हा त्यांच्या पाठीला घाम होता. पण पूल स्टेशनाजवळच होता आणि मासे जागेवर होते. एकाचं नाक तुटलेलं. त्यांनी फोटो काढला. कुणी हटकलं नाही. चौकात आता मोटारी लावायची जागा झाली होती, त्याचाही काढला. थोडा धीर आला.

इमारतीचं दार मात्र बंद होतं. बाजूला घंटांची बटणं, प्रत्येकापुढे आडनाव. कुठलं दाबणार आणि काय सांगणार? त्या समोरच्या फुटपाथवर उभ्या राहून दाराचे फोटो काढू लागल्या. कडीचाही काढला, कारण सिनेमात त्या कडीवर टायपिस्टचा हात बराच वेळ दिसतो. तळमजल्यावरच्या शिंप्यानं दुकानातून मान वर करून बघितलं तशा त्या शरमल्या. तेवढ्यात पार्सल देणारा एकजण आतून बाहेर आला, दार हळूहळू मिटायला लागलं, आणि कवळीताई स्वतःलाही न कळता आत शिरल्या.

आतमध्ये तोच जिना होता. लोखंडी पानांचा कठडा, झिजून मध्ये खोलगट झालेल्या पायऱ्या. कठडा हिरवा होता! इतकी वर्षं त्यांनी तो काळाच धरला होता. त्या वळणावरच्या खिडकीपर्यंत चढल्या आणि थांबल्या. काचेतून उजेड येत होता. आपण दुसऱ्याच्या घरात चोरासारखे घुसलोय, ही टोचणी एकीकडे, आणि डोळे भरून आलेले दुसरीकडे. फोटो काढायला हात वर केला तोच वरचं दार उघडलं.

"आलात? अहो, किती वाट बघायची!"

कवळीताईंच्याच वयाच्या एक बाई, एका हातात पर्स, दुसऱ्या हातानं केसांना क्लिप लावत. "एजन्सीला मी बजावून सांगितलं होतं वेळेवर पाठवा म्हणून. या, या वर. मला परीक्षेच्या ड्युटीला जायचंय, तिथं फोन बंद ठेवावा लागतो. बाबांची दुपारची गोळी टेबलावर काढून ठेवलीय. गॅसला हात लावू देऊ नका. आणि बाहेर तर अजिबात सोडू नका, मागच्या वेळी पुलापाशी सापडले."

"अहो ताई, मी सिनेमा..."

"टीव्ही लावा ना, बघतात ते. निघते मी." आणि त्या कवळीताईंच्या खांद्यावरून हात फिरवून धडाधड जिना उतरल्या. खाली दार आपटलं.

कवळीताई वर चढून उघड्या दारात उभ्या राहिल्या. हाक मारायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. आतून एक म्हातारा आवाज आला, "कोण आहे गं?"

आता काय करावं? खाली पळत जावं तर दार उघडं टाकून कसं? दार ओढून घ्यावं तर आत म्हातारा माणूस एकटा. त्या उंबऱ्यात एक पाय आत, एक पाय बाहेर अशा उभ्या असताना आजोबा स्वतःच आले. उंच, वाकलेले, पायजम्यावर कोट चढवलेला. "चला, बाजूला व्हा," ते म्हणाले, "मला पंपावर जायचंय."

तेव्हा कवळीताई आत आल्या आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

सिनेमात ते दार शेवटी एकदाच उघडतं आणि आत झुंबर असलेली लांबलचक खोली दिसते. इथं अरुंद बोळ होता, चपलांचं रॅक होतं आणि समोर न्हाणीघराचं दार. आतला भाग दुसरीकडेच चित्रित केला असणार. पण वाईट वाटायलाही सवड नव्हती.

"आज सुट्टी आहे आजोबा," त्या म्हणाल्या.

"सुट्टीला गाव पाणी पीत नाही का?"

आजोबांनी सगळा जन्म पाणीपुरवठ्यात काढलेला होता, हे पुढे कळलं. तेव्हा कवळीताईंनी सुचेल ते सांगितलं, की दुसऱ्या पाळीचा माणूस आलाय, त्यानं पंप सुरू केलाय. आजोबांनी संशयानं बघितलं, स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला, पाणी येतंय हे बघितलं आणि मग मुकाट्यानं खुर्चीत बसले. थोड्या वेळानं पुन्हा उठले. पुन्हा नळ, पुन्हा खुर्ची. दर खेपेला कवळीताई दाराशी.

फ्रिजवर लेकीचा नंबर चिकटवलेला होता. फोन बंद. एजन्सीचं नाव ठाऊक नाही. खरी बाई येईल, आत्ता येईल, असं म्हणत त्या जिन्यावरच्या प्रत्येक आवाजाला कान देत होत्या. खरी बाई आली नाही. धाकटीचा फोन मात्र आला.

"सापडला का जिना?"

"सापडला. मी एका घरात आहे." कवळीताईंनी कुजबुजत सगळं सांगितलं.

"निघ तिथून! आत्ताच्या आत्ता!"

"एकटं कसं टाकू? ते बाहेर पडतात. गॅस आहे."

"मग पोलिसांना फोन कर."

"आणि काय सांगू? की मी न विचारता इमारतीत शिरले आणि आता मला म्हातारे सांभाळायला दिलेत?"

धाकटी म्हणाली, "तुला घराबाहेर पाठवलं, माझीच चूक."

दुपारी त्यांनी सूप गरम केलं, पावाचा तुकडा बुडवून दिला. आजोबांनी एक घास घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि ताटली लोटली. मग खालची कवळी काढून कोटाच्या खिशात टाकली. टेबलावर सकाळचा नाश्ताही तसाच होता. मनगटं बघितली तर नुसती हाडं.

"दुखतं का?"

आजोबांनी गालाला हात लावला. कवळीताईंनी त्यांना खिडकीशी बसवून तोंड उघडायला सांगितलं. खाली उजवीकडे हिरडीला लालभडक जखम होती. त्यांनी खिशातली कवळी मागून घेतली, धुतली आणि कडेवरून अंगठा फिरवला. कड नको तितकी लांब होती. तिथंच टोचत होती.

पर्समध्ये नखं घासायची कानस होती. त्या कानशीकडे बघत कवळीताई किती वेळ बसल्या कोण जाणे. डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय त्यांनी कधी कुठल्या कवळीला हात लावला नव्हता. हे तोंड त्यांचं नव्हतं, घर त्यांचं नव्हतं, त्या इथं असायलाच नको होत्या. जास्त घासली गेली तर? कवळी तडकली तर? लेकीला काय सांगायचं, की तुमच्या घरात घुसले आणि वर वडिलांचे दात मोडले? त्यांनी कानस पर्समध्ये ठेवली. आजोबांनी पाव उचलला, हुंगला आणि परत ठेवला. कवळीताईंनी कानस पुन्हा काढली.

कड थोडी थोडी घासली, तोंडात बसवून बघितली, काढली, पुन्हा घासली. शेवटी टूथपेस्ट लावून फडक्यानं गुळगुळीत केली. हात अजिबात थरथरले नाहीत.

आजोबांनी सूप संपवलं. मग उकडलेला बटाटा. मग टोपलीतल्या सफरचंदाकडे बोट दाखवलं. कवळीताई फोडी करून देत होत्या आणि परतीची गाडी त्यांच्याशिवाय निघून गेली.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. एकाची नव्हेत, दोघांची, आणि धावत येणारी. कुलूप फिरलं. लेक दारात होती, चेहरा पांढराफटक. मागे तळमजल्यावरचा शिंपी, गळ्यात टेप आणि हातात मोठी कात्री.

"बाबा!" ती बापाकडे धावली, त्याच्या तोंडावरून, हातांवरून हात फिरवला आणि मग वळली. "कोण तुम्ही? एजन्सीचा मेसेज आलाय, आज कुणीच पाठवलेलं नाही. कोण आहात तुम्ही?"

"मी... मी सांगत होते सकाळी..."

"हीच ती," शिंपी म्हणाला. "सकाळी समोर उभी राहून फोटो काढत होती. मी बघितलं."

"फोन दाखवा."

कवळीताईंनी फोन दिला. लेकीनं फोटो उघडले. दार. कमान. घंटांची बटणं, आडनावांसकट. कडी. पुन्हा कडी, जवळून.

"कडीचा फोटो!" शिंप्यानं कात्री वर धरली. "आता बोला!"

कवळीताई खुर्चीवर बसल्या आणि जे तोंडाला येईल ते सांगत सुटल्या. कवळ्या, प्लास्टरचं खोकं, मासे, टायपिस्ट, जिना, बहिणीची कंबर, आणि शेवटी कानससुद्धा. ते सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण त्यांच्याच्यानं राहवेना. "मी त्यांची कवळी घासली हो. मला माफ करा. टोचत होती."

लेक बापाकडे बघत होती. बाप सफरचंदाची फोड कराकरा चावत होता.

"हे सफरचंद खातायत?" ती हळूच म्हणाली. "किती दिवस झाले, नुसतं दूध. मला वाटलं हट्ट करतात. मी ओरडले त्यांच्यावर." मग एकदम तिचा आवाज बदलला. "कुठला सिनेमा म्हणालात?"

कवळीताईंनी नाव सांगितलं.

"तो मी बघितलेला नाही," लेक म्हणाली. "आमच्याकडे त्याचं नाव काढायचं नाही असंच होतं. शूटिंगवाले इथं होते तेव्हा मी लहान होते. त्यांनी मला जिन्यावरून पळायला लावलं होतं. बाबा बघून आले आणि म्हणाले, तुझं काम कापलं. मी रडले होते खूप."

कवळीताई तिच्याकडे बघत राहिल्या. "नाही कापलं."

"काय?"

"टायपिस्ट खिडकीपाशी उभी असते आणि वरून एक मुलगी पळत येते. एका वेणीची रिबीन सुटलेली. ती टायपिस्टला घासून जाते, वळणावर थांबते, मागे वळून बघते आणि हसते. पुढचे वरचे दोन दात पडलेले. एक नवा डोकावतोय, थोडा तिरका."

लेकीचा हात आपोआप तोंडावर गेला. पण कवळीताईंनी मघाशीच बघितलं होतं, तो दात अजून तसाच तिरका होता.

शिंप्यानं कात्री खाली केली. लेक बापाजवळ जाऊन बसली. "बाबा, का सांगितलंत असं? का म्हणालात कापलं?"

आजोबांनी तिच्याकडे नीट बघितलं, फोड गिळली आणि विचारलं, "पंप चालू आहे ना?"

ती रडली का हसली, कवळीताईंना नक्की सांगता येत नाही. ती म्हणाली, "चालू आहे बाबा." मग उठून तिनं चहा ठेवला. कप टेबलावर ठेवताना ती म्हणाली, "मी आज येताना जे चित्र डोळ्यांपुढे आणलं ना, ते तुम्हाला सांगवत नाही. एजन्सीचा मेसेज वाचल्यापासून घरी पोचेपर्यंत." कवळीताई म्हणाल्या, "मी पण."

पुढच्या गाडीला अजून अवकाश होता. शिंपी आग्रहानं स्टेशनापर्यंत सोडायला आला, पर्सही त्यानंच धरली. अर्ध्या वाटेवर त्यानं घसा खाकरला. "ते सिनेमात... आमचं दुकान दिसतं का हो? तेव्हा वडील बसायचे."

"दिसतं. पण दार बंद आहे."

"रविवार असेल," शिंपी म्हणाला आणि पर्स दुसऱ्या हातात घेतली.

घरी पोचल्यावर कवळीताई दोन दिवस तापानं पडल्या. धाकटी कंबरेला पट्टा बांधून येऊन बसली आणि सगळी हकीकत तीन वेळा ऐकूनही तिचं समाधान होईना. बरं वाटल्यावर कवळीताईंनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर आपल्या लॅबच्या डॉक्टरांना गाठून, घासलेल्या कडेनं पुढे काही अपाय होतो का, हे विचारलं. डॉक्टर म्हणाले, नाही होत, पण एकदा दाखवून घ्यायला सांगा. त्यांनी ते लेकीला फोन करून कळवलं, आणि डिस्क नीट गुंडाळून टपालानं पाठवली.

त्यानंतर बरेच दिवस काही कळलं नाही. डिस्क हरवली असेल, किंवा आजोबांची हिरडी बिघडली असेल आणि लेक रागानं फोन करत नसेल, अशा दोन्ही काळज्या त्या आलटून पालटून करत राहिल्या. मग एका दुपारी, मेण तापत असताना, फोन वाजला.

"आजोबा बरे आहेत ना?" कवळीताईंनी हॅलोच्या आधी विचारलं.

"बरे आहेत. डॉक्टरांना दाखवलं, जखम भरलीय. खातात." लेक म्हणाली. "सिनेमा बघतोय आम्ही. म्हणजे जिन्यापर्यंतच. ती मुलगी पळत गेली की मी परत मागे घेते. पुढचा अजून बघितलाच नाही."

"आणि आजोबा?"

"ते दर वेळी विचारतात, कुणाची गं ही पोर? मी सांगते, वरच्या मजल्यावरची. मग म्हणतात, पडेल एखाद्या दिवशी, तिच्या बापाला सांगायला हवं."

कवळीताई हसल्या. लॅबमधल्या बाकीच्यांनी माना वर करून बघितलं, इतकं ते नवीन होतं. पण हसता हसताच त्यांच्या मनात आलंच. "अहो, पुन्हा पुन्हा एकाच जागी मागे घेऊ नका. डिस्क खराब होते," त्या म्हणाल्या. "मी आणखी एक बघून ठेवते."